मामांची झोप आणि माझा एंजल

मित्रांनो, आज घरात भांडण झालं. मला त्याचा पस्तावा नाही.

माझ्या समुद्री टाकीत एक ड्वार्फ एंजल होता. बोटाएवढा मासा, निळं अंग, केशरी पोट. दिवसभर दगडांवरचं शेवाळ टिपत फिरायचा. पांढुर्ण्यात समुद्र कुठला? त्याचं खारं पाणी मी घरीच तयार करायचो.

सकाळी बोरगावहून मामा आले, आईचे मोठे भाऊ. मी शाळेत शिकवायला गेलो. परत आलो तर टाकीत हवा खेळवणारा पंप बंद होता आणि मासा वाळूवर आडवा पडलेला.

"घरघर करून रायला होता तो. झोप लागे ना, म्हून बटन बंद केलं," मामा म्हणाले. वर हेही, "जाऊ दे ना बाप्पा. मासा मरते तं घरावरचं संकट घेऊन जाते. चांगलंच झालं समज."

आईनं लगेच हात जोडले.

मी म्हणालो, "संकट कुठं गेलं, मामा? सोफ्यावर बसून चहा पिऊन रायलं."

मामा न जेवता निघून गेले. आई म्हणते, फोन करून माफी माग.

मागेन. पण त्या माशाची माफी कोण मागणार, तेवढं सांगा.