हेमराजचं ‘बरं हाय’

विषय : आनुवंशिक स्नायुविकार असलेल्या व्यक्तींच्या जगण्याचा दर्जा मोजणेबाबत.
संदर्भ : वरिष्ठांचे तोंडी आदेश.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, फाइल बंद झाली की रेकॉर्ड रूममध्ये जाते. किस्से ठेवायला मात्र शासनाने खोली दिलेली नाही. ते बाबूच्या डोक्यातच साचत जातात आणि निवृत्तीनंतर जागा सोडायचं नावच घेत नाहीत.

तर आमच्या गोंदियाच्या ऑफिसात नागपूरहून एक तरुण डॉक्टर मॅडम या स्नायुविकाराच्या पाहणीसाठी आल्या. हा आजार घराण्यातून येतो. धावणारं पोर हळूहळू जिना चढेनासं होतं, मग उभं राहीनासं. मॅडम म्हणायच्या, “बरं करता येत नाही, तर निदान कसं चाललंय ते तरी नीट विचारू.” त्यासाठी छापील प्रश्न होते आणि उत्तरांना गुण. ज्याचे गुण कमी, त्याला बॅटरीवर चालणारी खुर्ची आधी. खुर्च्या मोजक्याच!

मला त्यांच्या मदतीला दिलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि ऑफिसात माझी उणीव कोणाला भासत नव्हती.

*

रंगीत तालीम म्हणून मॅडमनी ते प्रश्न आधी आम्हालाच विचारले.

“आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटतं का?”

हेडक्लार्क दचकले. “मॅडम, ये ऊपर जाएगा क्या?”

नाव लिहिणार नाही म्हटल्यावर ते मोकळे झाले. झोप, भूक, मान, उमेद, सगळ्या विषयांत नापास! स्नायू मात्र ठणठणीत.

“या हिशेबानं पहिली खुर्ची तुम्हालाच द्यावी लागेल,” मॅडम म्हणाल्या.

“नको मॅडम. आहे त्या खुर्चीनंच ही हालत केली!”

*

सालेकशाच्या आतल्या एका गावात चाळिशीचा एक माणूस खाटेवर बसलेला. त्याला बसतं करायलाही दोघं लागायचे.

“पायऱ्या चढायला त्रास होतो का?”

“नाही.”

मॅडमनी पूर्ण गुण दिले. मग शंका आली म्हणून विचारलं, “शेवटचं कधी चढला होतात?”

“पायऱ्या? आमच्या गावात हायेत कुठं? तुमी बांधून द्या, मंग चढून सांगतो!”

*

मग आला कुडव्याचा हेमराज. वय तिशीचं. बोटं शाबूत, पाय गेलेले. मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. धाकटा भाऊ टिकाराम सकाळी त्याला पाठीवरून दुकानात आणून बसवायचा आणि गाडीला किक मारून कामावर जायचा. संध्याकाळी तो परत येईपर्यंत हेमराज ठेवला तिथेच. खुर्ची याला मिळायलाच हवी, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण माझ्या दिसण्याला गुण नव्हते.

त्यांच्या घरी जाऊन मॅडमनी विचारलं, “आपण दुसऱ्यांवर ओझं आहोत असं वाटतं का?”

“हे उचलणाऱ्याले विचारा ना!”

टिकाराम दारातूनच म्हणाला, “वजन काही नाही जी. पण पाठीवर बसून हुकूम सोडते. ‘डावीकडून घे, खड्डा हाय!’ मले का डोळे नाहीत?”

*

आजार कोणाकडून आला ते लिहायचं होतं. हेमराजच्या मामालाही तोच होता. म्हणजे आईकडून. हे आईला, सुगंधाबाईंना, कसं सांगावं या विचारानं मॅडम बराच वेळ पेनच्या टोपणाची उघडझाप करत बसल्या. शेवटी हळूच सांगितलं.

सुगंधाबाई म्हणाल्या, “नाकही माझ्याकडूनच आलं त्याले. त्याचं कोणी नाव नाही घेत!”

*

पुढचे प्रश्न चहा घेता घेता झाले.

“उदास वाटतं?”

“बरं हाय.”

“एकटं वाटतं?”

“बरं हाय.”

“काही त्रास?”

“बरं हाय मॅडम, चहा थंडा होऊन राहिला.”

निघताना मी सुगंधाबाईंना म्हटलं, “अहो, जरा खरं बोलायला सांगा की त्याला.”

“असं कसं, बाबूजी? पाव्हणी घरी आली, हातात कप हाय, आन् तिच्यासमोर रडगाणं गायचं काय?”

बेरीज केली. हेमराजचे गुण सगळ्यांत जास्त! हेडक्लार्क तर त्याच्या आसपासही नव्हते. खुर्चीच्या यादीत हेमराज शेवटचा.

“हे खोटं आहे,” मॅडम म्हणाल्या.

“खोटं असेल,” मी म्हटलं, “पण त्यावर तुमची सही आहे.”

*

पुढच्या आठवड्यात मॅडम हेमराजच्या दुकानात गेल्या, आपला बंद पडलेला मोबाइल घेऊन. घरी आलेली ती पाहुणी. दुकानात आलेलं ते गिऱ्हाईक. गिऱ्हाइकासमोर कसलं आलंय मान राखणं!

“चहा मागवू?” मॅडमनी विचारलं.

“तुमच्यासाठी मागवा. मी दिवसा चहा-पाणी घेतच नाही.”

“का?”

“घेतलं का मंग उठा लागते. उठवन कोण?”

आणि मोबाइल उघडता उघडता तो स्वतःही उघडत गेला. गर्दीत भावाच्या पाठीवर बसायची लाज, मित्रांनी हाक मारणं सोडलं ते, सगळं. मॅडमनी तिथेच प्रश्न पुन्हा विचारले. गुण असे कोसळले की हेमराज यादीत थेट वर! ऑफिसात येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. कोणी नापास झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

*

खुर्ची आली. पहिल्या सकाळी टिकाराम सवयीनं पाठ वाकवून समोर बसला. हेमराज म्हणाला, “हट ना बे, रस्ता दे!”

पंधरवडाभर सगळं सुरळीत. मग एका दुपारी दुकान बंद, हेमराज गायब, मोबाइलही बंद. सुगंधाबाईंनी मोहल्ला डोक्यावर घेतला, मलाही ऑफिसातून बोलावून घेतलं. टिकाराम गाडीवर कुडवा पालथा घालून आला आणि मलाच विचारू लागला, “मले सोडून हा जाते कुठं, बाबूजी? आजवर जिथं गेला, मीच तं नेलं!”

दिवेलागणीला खुर्ची आली. शर्टवर धूळ, केस भांग पाडलेले, चेहरा शांत.

“कुठं गेला होतास गा?” आईनं विचारलं.

“गेलो होतो.”

“पण कुठं?”

“काऊन सांगू?”

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत सुगंधाबाई दारात. हातात अर्ज. विषय : खुर्चीची चावी आईच्या ताब्यात मिळणेबाबत. कारण : मुलगा कुठे जातो ते घरी सांगत नाही.

मी अर्ज आवक नोंदवहीत चढवला. मॅडमकडे पाठवला. मॅडमनी वाचला, हसल्या आणि परत माझ्याकडे पाठवला. त्यानंतर मी निवृत्त झालो.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.