चढाचे पैसे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मोबाईलवरून यीस्टची पुडी मागवणं. बायको ओटीवर बसली होती, मी पायरीवर. करवंदं चेचून, साखर घालून, उकळून झाली होती आणि रस फ्रीजमध्ये गेला होता. चिकाने तिची बोटं काळी आणि चिकट झालेली, त्यामुळे फोन तिचं ऐकत नव्हता. ती सांगायची, मी दाबायचो.

ती कळंबकडच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं कामाला होती. तिथल्या आचाऱ्याकडून करवंदाची वाईन करायला शिकली. कोणी दारू म्हटलं की चिडायची. "दारू तुमचा बाप प्यायचा. ही वाईन हाय." विकायची नाही. दिवाळीला पाहुण्यांना द्यायची आणि रात्री जेवणाआधी स्वतः अर्धा पेला घ्यायची. मला विचारायचीसुद्धा नाही. मला ती आंबट लागते हे तिला माहीत होतं.

पुडी काडेपेटीपेक्षा लहान, आणि पुडीपेक्षा पोचवायचं भाडं जास्त. खाली लिहून येत होतं की आणखी सामान घ्या म्हणजे डिलिव्हरी फुकट. मग तिने बाटल्यांची बुचं घेतली. बुडबुड्याची नळी घेतली. ती बरणीच्या तोंडाला लावतात, आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येत नाही. डिलिव्हरी फुकट झाली. मग पत्ता टाकला, आणि पत्ता टाकल्याबरोबर भाडं परत येऊन बसलं. आमचा भाग दुर्गम म्हणे.

"दुर्गम?" ती म्हणाली. "शनवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते तवा कुठं जातो ह्यांचा दुर्गम?"

मी म्हणालो, "शेलूला लेकीच्या पत्त्यावर मागव गं. तिकडं फुकट येतं."

"का? माझं घर जमिनीवर नाय?"

तिने भाडं भरायला लावलं. पत्ताही तिनेच सांगितला, मी एकेक अक्षर शोधून टाकला: मारुतीच्या देवळामागे, चढाच्या वर, कोरांटीचं कुंपण, कुत्रा चावत नाही, पाणी मिळेल. मी म्हणालो, एवढं कशाला. ती म्हणाली, उन्हाचा येणारा माणूस, त्याला चढ हाय ते आधी कळलेलं बरं.

चूक झाली ती हीच. शहरातली बाई असती तर तिने घराचा नंबर टाकला असता आणि गप्प बसली असती. आमच्या बाईने चढ लिहिला.

आमच्या पट्ट्यातली पार्सलं एकच माणूस वाटतो. पोशीरकडचा आहे, रस्त्याला गाळा घेतलाय, स्वतःच टेंपो चालवतो. त्याने देवळापाशी टेंपो लावला आणि फोन केला. फोन तिने घेतला, मी शेजारी होतो.

"मावशी, खाली येऊन पार्सल न्या. नायतर चढाचे वेगळे द्यावे लागतील."

"भाडं भरलंय रं."

"ते कंपनीला. तुमीच लिवलंय ना चढ हाय म्हणून?"

"लिवलंय ते तुला दम लागू नये म्हणून. वर ये, पानी देते, चा देते. पैसा नाय देनार."

फोन बंद झाला. टेंपो वळला तो आम्हाला ओटीवरून दिसला. संध्याकाळी तिच्या फोनवर मेसेज आला. मी चौथीपर्यंत शिकलोय, हळूहळू वाचून दाखवला: घर बंद असल्यामुळे पार्सल परत पाठवत आहोत.

ती एवढंच म्हणाली, "मी हितं बसलेय आन माझं घर बंद?" मग रात्री म्हणाली. सकाळी भाकरी थापताना पुन्हा म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. कर्जतला नेईपर्यंत गेली.

त्या माणसाने तिला मारलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरने सांगितलं ते मला कळलं, मी खुळा नाही. पण जाताना माणसाच्या तोंडात काहीतरी चांगलं असावं, आणि माझ्या बायकोच्या तोंडात शेवटपर्यंत तो टेंपोवाला होता. याचं कोणीतरी भरावं असं मला वाटलं. अजून वाटतं.

कार्य झाल्यावर पुडीचे पैसे तिच्या खात्यात परत आले. भाड्याचे आले नाहीत. म्हणजे पार्सल आलं नाही त्याचंही भाडं आम्हीच भरलं.

लेक घरात आवराआवर करायला राहिली होती. तिने फ्रीज उघडला आणि रसाची पातेली बाहेर काढायला लागली. मी हात धरला. आमच्यात नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात अविधवा नवमीला ठेवतात, पहिल्या वर्षीही ठेवतात. जे तिला आवडायचं ते सगळं पानावर लागतं. सुकी मासळी मिळेल, वडे लेक करेल. पण तो अर्धा पेला कुठून आणायचा? रस तिने केलेला होता. त्याची वाईन व्हायला पुडी पाहिजे होती, आणि पुढे महिनाभर तरी मुरायला पाहिजे होता.

लेक म्हणाली, "बाबा, मी शेलूला मागवते. परवा घेऊन येते."

मी नाही म्हणालो. पुडी येईल तर ह्याच घरी येईल, तोच माणूस आणेल आणि चढाचा पैसा न घेता आणेल. लेकीला राग आला. "आई गेली तरी तुमची दोघांची भांडणं चालूच," म्हणाली. भांडण आमच्या दोघांचं नव्हतं.

पुन्हा सगळं तसंच मागवलं. भाडं भरलं. पत्ता तोच, चढासकट.

पण त्याआधी मी दुसरं एक काम सुरू केलं होतं. लेकीच्या तोंडून मला एक गोष्ट कळली होती. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे असं मागवलं आणि दारात नको म्हटलं, तर जायचं यायचं भाडं कंपनीच्या अंगावर पडतं. पार्सल वाटणाऱ्या एकाच माणसाकडून फार पार्सलं परत गेली की कंपनी त्याला जाब विचारते, फारच झालं तर भाग काढून घेते. ती सहज बोलली होती. मी सहज ऐकलं नाही.

मी व्यायामाची लोखंडी वजनं मागवली. पैसे आल्यावर.

रोख हातात पडणार म्हटल्यावर तो वर आला. खोकं खांद्यावर, घामाने निथळत. मी उंबऱ्यावर बसलो होतो.

"बाबा, व्यायाम करता तुमी?"

"करनार व्हतो. आता मन नाय."

"अवो, वर आनलंय मी. एवढं वजन."

"वजनंच मागवली व्हती. कापूस कसा येईल?"

"मग घ्या की."

"घर बंद हाय."

त्याने खोकं खाली ठेवलं. मी म्हणालो, "लिही. घर बंद. तुला लिवता येतं, मला माहीत हाय."

तेव्हा त्याला आठवलं. खोकं उचलून तो उतरायला लागला. उतरताना त्याचा पाय दोनदा घसरला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भाकरी नीट गेली.

मग आळीत सांगितलं. त्याने चढाचे पैसे घेतले नव्हते असं आळीत एकही घर नव्हतं. चुलतभावाने इस्त्रीचं टेबल मागवलं, त्याच्या घरात इस्त्री नाही. समोरच्या वहिनीने बादल्या मागवल्या आणि रंग पसंत नाही म्हणून परत केल्या. पुढच्या वेळी दुसरा रंग मागवला, तोही पसंत पडला नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमची बायको असती तर तिनं पलंग मागवला असता." त्यावर आम्ही दोघं हसलो.

श्रावण लागला. एक दिवस त्याचा फोन आला. "बाबा, तुमची पुडी माझ्या गाळ्यावर हाय. तुमी हे खोटं मागवनं बंद करा, पुडी आनतो."

आता आली पंचाईत. वैर चालू ठेवलं तर पुडी नाही. पुडी घ्यायची तर वैर सोडायचं. नवमी जवळ येत होती आणि रसाची चव बदलायला लागली होती. मी बोट बुडवून रोज चाखत होतो. दोन दिवस मी लेकीला फोन लावायचा आणि वाजायच्या आधी ठेवायचा असं केलं. शेलूवरून पुडी आली असती, पान भरलं असतं. पण तो पेला पानावर ठेवताना मला तिचं तोंड दिसलं असतं. तिने तो घेतला नसता. मी तिला ओळखतो. मी पुन्हा वजनं मागवली.

या वेळी तो वजनं न घेता आला. गोकुळाष्टमीचा आदला दिवस होता. टेंपो खाली लावून, बारकं खोकं हातात घेऊन, न बोलावता वर आला. कंपनीने त्याला बोलावून घेतलं होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"घ्या," म्हणाला. "चढाचं काय नको. ओटीपी सांगा फकस्त."

तिचा फोन मी रोज चार्ज करतो. त्याच्यावर चार आकडे येऊन पडले होते. मी फोन उलटा ठेवला.

"घर बंद का लिवलंस?"

"बाबा, मोबाईलमदी तीनच असतात. घर बंद, फोन लागत नाय, नको म्हनाले. चढाचे दिले नाय असं त्यात नसतंय."

"ती दिसत व्हती का तुला खालून?"

त्याने कुंपणाकडे बघितलं. "लुगडं दिसलं व्हतं."

"खोक्यावरचा पत्ता वाच."

"कशाला आता?"

"वाच."

त्याने वाचला. चढाच्या वर, इथपर्यंत नीट वाचला. कुत्रा चावत नाही, पाणी मिळेल, हे हळू वाचलं. मग म्हणाला, "मावशी कुठं हायत?" त्याला माहीत नव्हतं. एवढे दिवस तो समजत होता की म्हातारी आत बसून मला शिकवतेय.

मी सांगितलं. तो पायरीवर बसला. मी उठून तांब्याभर पाणी आणून दिलं, कारण तसं तिने लिहिलं होतं. चहा दिला नाही. चहा तिने देऊ केला होता तेव्हा तो वर आला नव्हता. मग आकडे सांगितले.

जाताना त्याने विचारलं, "आता बंद करनार ना, बाबा? माझ्या पोटावर येतंय."

"बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस बाहेर काढून निवांत ठेवला. त्याचा गारठा गेल्यावर मोठ्या बरणीत ओतला. कोमट पाणी केलं, मनगटावर थेंब टाकून बघितलं, ती बघायची तसं. पुडी फोडून त्यात सोडली. फेस यायला किती वेळ लागतो ते तिने कधी सांगितलं नव्हतं, म्हणून समोर बसून राहिलो. फेस आला. तो रसात ओतला, नळी लावली आणि बरणी तिच्या पलंगाखाली अंधारात सरकवली. हात धुतले. मग तिचा फोन घेतला आणि पिठाची घरगुती गिरणी मागवली. पैसे आल्यावर.