गुंठाभर हिरवा फ्लॉवर

"गिरिजे, ती जागा गुरांची हाय. सोडून दे."

"गुरांनी अर्ज केला का, सर्जेराव? का तुमीच त्यांचे वकील?"

जांभुळवाडीत दिवस उजाडायचा तो या भांडणानं. गिरिजाबाईचं घर बौद्ध वस्तीत सगळ्यात शेवटी. घरामागं गुंठाभर गायरान आणि त्याच्यापलीकडं सर्जेरावचा गोठा. मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. दोघं दोन बाजूंनी उभी राहायची आणि एकमेकांना शिव्या घालायची.

सर्जेरावला त्या गुंठ्याची काडीची गरज नव्हती. त्याची अठरा एकर काळी जमीन होती. पण वाडीत लहानथोर त्याला 'मालक' म्हणायचे. गिरिजाबाईची सासूसुद्धा म्हणायची. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी गिरिजाबाईनं तो शब्द टाकला, तो टाकलाच. समोरासमोर 'सर्जेराव' म्हणायची, तेही पान थुंकल्यासारखं. त्याला गुंठा नको होता, तो शब्द परत पाहिजे होता.

तिचा नवरा रखमाजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्ता, तिकडंच तापानं गेला. पोरबाळ नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आणि संध्याकाळी घरामागं त्या गायरानातल्या आपल्या वाफ्यात बसायचं, एवढाच तिचा संसार. वांगी, मेथी, चार मिरच्या. आंघोळीचं आणि भांड्याचं पाणी मोरीतून नाली काढून तिनं तिकडं वळवलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी वाडीत दवंडी झाली: गायरानावर ज्याची लागवड उभी असेल, त्याच्या नावानं जागेची नोंद होणार. तलाठी स्वतः येऊन पाहणार. पीक दिसलं तर नाव, नाही दिसलं तर जागा पडीक, गावाच्या गुरांची.

दवंडी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी सर्जेरावच्या शेळ्या कुंपणात 'चुकून' शिरल्या. वांगी गेली, मेथी गेली, मिरचीचे नुसते खराटे उरले.

"मुकं जनावर हाय," सर्जेराव म्हणाला. "त्याला काय कळतं?"

"जनावराला न्हाई कळत," गिरिजाबाई म्हणाली. "फाटक उघडणाऱ्याला बराबर कळतं."

तिचा धाकटा भाऊ भुजंग परभणीकडं एका सरकारी बागेत माळी होता. भाऊबीजेला आला, उजाड वाफा पाहिला आणि परत जाऊन टोपलीभर रोपं घेऊन आला.

"आक्का, हा हिरवा फ्लॉवर. ब्रोकोली म्हणतात. सायबलोक खातात."

"पांढरा कवा होतो?"

"होतच न्हाई. हिरवाच. गड्डा घट्ट असला तवाच कापायचा, न्हाई तर पिवळी फुलं येतात."

"मंग फ्लॉवर कशाला म्हणतो त्याला? जाऊ दे. शेळ्या खातात का?"

"शेळ्या काय सोडतात?"

चाळीस रोपं. गिरिजाबाईनं वस्तीतून डालगी मागितली, फुटकी मडकी गोळा केली. रानात जाताना एकेका रोपावर झाकण घालायची, आल्यावर काढायची. एकतीस रोपं जगली. जानेवारीत पानांच्या पोटात हिरवे गड्डे धरले, मुठीएवढे, मग नारळाएवढे.

कुंपणापलीकडून टोमणे सुरू झाले. "फ्लॉवर नासला गं गिरिजे तुझा! हिरवा पडला! मोरीच्या पाण्याचं दुसरं काय होणार?"

गिरिजाबाई वेगळ्याच घोरात होती. गड्डे कापायला झाले होते आणि तलाठी येत नव्हता. कापावेत तर वाफा मोकळा दिसेल. ठेवावेत तर फुलं येऊन वाया जातील. आज येईल, उद्या येईल.

तलाठ्याच्या आधी सर्जेराव आला. गिरिजाबाई केदारखेड्याला हरभरा उपटायला गेल्ती. दिवस कलताना परतली, तर एकतीसच्या एकतीस झाडांच्या माना उडवलेल्या. उपटलं असतं तर चोरी दिसली असती. कापल्यावर काय, बाईनंच विकून टाकलं म्हणायला मोकळं. आणि फ्लॉवर एकदा कापला की झाड संपलं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

शेजारची नंदाबाई धावत आली. "कोण गं मेला! गिरिजा, रड तरी."

"रडायला टाइम न्हाई. घागर दे."

"बुडख्यांना पाणी घालून काय उगवणार?"

"काय न्हाई उगवणार. पण त्याला दिसू दे, घालून राह्यले ते."

आणि ती घालत राहिली. रोज सकाळी, सर्जेराव गोठ्यात आला की मुद्दाम. आधी त्याच्याकडं पाहायचं, मग तांब्या ओतायचा. तो हसायचा. ती ओतायची. पीक तिच्याही हिशेबी मेलं होतं. ओतत होती ती निव्वळ वैर.

दहाव्या-बाराव्या दिवशी पानांच्या बगलेत काहीतरी टचटचीत दिसलं. तिनं पान बाजूला केलं. बोटाएवढा कोंब, टोकाला हिरव्या कळ्यांचा झुबका. दुसऱ्या बगलेत दुसरा. एका मानेच्या जागी पाच-सहा माना. गिरिजाबाईनं पान परत जिथल्या तिथं केलं आणि कुणाला काही बोलली नाही. नंदाबाईलाही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तलाठी आला. दुपारी सर्जेरावकडंच जेवला आणि त्याच्याबरोबरच हात पुसत गायरानात उतरला.

"बाई, इथं काही उभं नाही असं कळलं."

"कुणाकडनं कळलं ते दिसून राह्यलंय. वाकून बघा."

तलाठी वाकला. पानं सारली. एक झाड, दुसरं, तिसरं. "हे काय आहे?"

"हिरवा फ्लॉवर. ब्रोकोली."

"असलं पीक मी ऐकलं नाही."

सर्जेराव पुढं सरकला. कोंब पाहून त्याचा चेहरा उतरला होता. "तण हाय ते, सायब! बिलकुल तण. म्हशीसुद्धा तोंड लावत न्हाईत. टोपलं भरून टाकलं पुढ्यात, नुसतं हुंगून सोडलं!"

तलाठ्यानं मान वर करून सर्जेरावकडं पाहिलं.

"कवा टाकलं, सर्जेराव?" गिरिजाबाईनं अगदी हळू विचारलं. "आन कुठनं आणलं? अख्ख्या तालुक्यात हे माझ्याच घरामागं हाय."

तलाठ्यानं कापलेल्या दांड्यावरून अंगठा फिरवला. त्याला या भांडणात पडायचं नव्हतं, पण आता वहीत काहीतरी लिहिणं भाग होतं.

"सायब," सर्जेराव आवाज खाली आणून म्हणाला, "आत्ताच जेवलो आपण."

"जेवलो," तलाठी म्हणाला. "पण आंधळा नाही झालो." त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि उभ्यानंच लिहिलं.

"वाचून दाखवा," गिरिजाबाई म्हणाली.

"गिरिजाबाई रखमाजी. गायरान, एक गुंठा. भाजीपाला, उभा."

"मोठ्यानं. गोठ्यापर्यंत ऐकू गेलं पायजे."

तलाठ्यानं सर्जेरावकडं न बघता मोठ्यानं वाचलं. तिनं मान हलवली. आभार मानले नाहीत, चहा विचारला नाही. विचारला असता तरी तो प्यायला नसता, हे तिला माहीत होतं.

"झालं न्हवं? मंग आता जल्दी बाहेर व्हा दोघंबी. माझे कोंब तुडवून राह्यले."