रुसलेली करवंटी

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना चुकलो तर माफ करा. दिवेआगरच्या किनाऱ्यावर नारळाच्या करवंट्यांचे चेहरे करून विकणाऱ्या एक मावशी मला रोज दिसायच्या. चेहऱ्याला काथ्याचे केस चिकटवताना त्या स्वतःही तसंच तोंड करायच्या. हसरे चेहरे लगेच खपायचे. गाल फुगवलेला एक मात्र कुणी घेत नसे.

"याला हसवा ना, मावशी," मी भीतभीत म्हटलं.

"न्हाय रे बाबा. ती माझी नणंद हाय. रुसलीय, बोलत न्हाय माझ्याशी. आधी ती हसूंदे."

आता मी होस्टेलवर आहे. परवा आईने फोनवर सांगितलं, मावशींची नणंद किनाऱ्यावर आली, तो चेहरा पाहून खो खो हसली आणि म्हणाली, "वहिनी, ही तर हुबेहूब तूच गं!" आणि तो चेहरा घरी घेऊन गेली.