गाळातली साखळी

त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची आजही रुखरुख वाटते.

घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी, अनसिंगला आलो, तेव्हा वडील विहिरीतला गाळ काढायला उतरणार होते. विहिरीत वर्षानुवर्षं लोंबकळणारी साखळी आम्ही वर ओढली. तिचा वरचा भाग गंजून तांबडा झाला होता. गाळात रुतलेला काळा, गुळगुळीत होता.

"हवेबिगर गंज चढत नाही, बाबा. गाळातलं टोक घ्या," मी पुस्तकातलं सांगितलं.

"माह्या पोरानं सांगतलं म्हंजे पक्कं," म्हणत वडील ते कमरेला बांधू लागले.

पाणी प्यायला थांबलेले एक वाटसरू पुढे आले. मुंबईच्या गोदीत जहाजांच्या साखळ्या खरवडण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी साखळी आधी हुंगली.

"सडक्या अंड्यावानी वास येऊन राह्यला." विळ्यानं त्यांनी काळा थर खरवडला. बोटाएवढी कडी आतून काडीएवढी निघाली. "समुद्रातबी असंच. वरचं हवा खाते, गाळातलं कीड खाते."

"लोखंडाले कीड, मामा?" मी हसलो.

ते हसले नाहीत. पुढे कॉलेजात प्राध्यापकांनी हवेवाचून जगणारे, लोखंड पोखरणारे जंतू शिकवले, तेव्हा मी वर्गात मान खाली घातली.

त्या दिवशी वडिलांनी साखळी सोडून मोटेचा जाड दोर, नाडा, कमरेला बांधला आणि काठावरून पुन्हा मलाच विचारलं, "आता उतरू ना रे?"

मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यांनी नाडा दोनदा ताणून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली.

"उतरा, बाबा," मी म्हणालो.