एपीचे गुण आणि घरचं मराठी

झाशीत मराठी आमच्या घरापुरतंच, आणि घराबाहेर त्याचा एकच उपयोग: परक्यासमोर आपसात बोलायचं. साडीवाला भाव सांगत असतो आणि आई हसऱ्या चेहऱ्याने म्हणते, "लुटतोय मेला." त्याला कळत नाही. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, त्यामुळे माझं मराठी कच्चंच. पण या कामापुरतं पुरतं.

सिव्हिल लाइन्समधल्या, परदेशी कॉलेजांचे अर्ज भरून देणाऱ्या काउन्सेलरच्या ऑफिसात बाबा आणि मी तेच करत होतो. मला अमेरिकेत शिकायला जायचं होतं, आणि बाबांच्या रेल्वेतल्या पगारात स्कॉलरशिपशिवाय ते होणार नव्हतं. म्हणून मी दिल्लीला जाऊन एपी या अमेरिकन परीक्षेचे दोन पेपर दिले होते. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची परीक्षा द्यायची, गुण एक ते पाच. माझ्या शाळेत ही परीक्षा कुणी शिकवत नव्हतं. मी पुस्तकं मागवून घरीच अभ्यास केला. गणितात पाच मिळाले, रसायनशास्त्रात तीन.

बाबा खूश. "पाचातले तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट डिव्हिजन आहे!"

काउन्सेलर म्हणाले, "अंकल जी, तीन तो दिखाएँगे ही नहीं. दिखाना ज़रूरी भी नहीं है." मग आवाज जरा उतरवून, "और पाँच के साथ लिखेंगे कि पढ़ाई हमारे सेंटर के कोर्स में हुई."

असा कोर्स मी कधी केला नव्हता. आणि कॉलेजांच्या वेबसाइटवर मी वाचलं होतं की शाळेत काय शिकवतात ते बघूनच ते गुण जोखतात. शाळेत एपी नसताना घरी बसून मिळवलेले पाच, एवढीच तर माझी जमेची बाजू. ती पुसून कुणाचा फायदा होणार होता?

मी बाबांकडे न बघता पुटपुटले, "हा खोटं लिहायला लावतोय. स्वतःच्या जाहिरातीसाठी."

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "मला पहिल्यापासूनच लबाड वाटतोय. सारखा चहा कशाला पाजतो? तू हो हो म्हण, बाहेर गेल्यावर बघू."

काउन्सेलरांनी कप खाली ठेवला. "चहा मी सगळ्यांनाच पाजतो, काका," ते म्हणाले. "आजोळ माझं गुरसरायचं, मराठी घरातलं."

मराठी स्वच्छ होतं. माझ्यापेक्षा चांगलं.

मला वाटलं, बाबा आता उठतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? गुरसरायला कुणाकडचे तुम्ही?" थोड्याच वेळात कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी मामाकडे दिलेली निघाली. "आपलेच निघालात की! आता तुम्ही म्हणाल तसं."

माझं उलट झालं. कित्येक महिने आम्ही इथे येत होतो आणि हा माणूस आमचं सगळं ऐकत होता. बाबांचा पगार, आईचा विरोध, मला मनातून कुठलं कॉलेज हवंय ते. चेहऱ्यावर एकदाही काही उमटलं नव्हतं. आता लबाड म्हटल्यावरही तो रागावला नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली. त्यात पंचाईत अशी की कमी गुण दाखवायची सक्ती नसते, हे त्याचं म्हणणं खरं होतं. मी तपासलं होतं.

"मग सेंटरचं लिहू या ना, बाळ?" काउन्सेलरांनी प्रेमाने विचारलं.

बाबा त्यांच्या बाजूने माझ्याकडे बघत होते. कुजबुजायला आता भाषाच उरली नव्हती. मी हिंदीत बोलले, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने. "सर, मैंने घर पर पढ़ा है. वही लिखूँगी. तीन नहीं दिखाऊँगी, वो आपने ठीक कहा."

"नुकसान तुम्हारा है, बेटा," ते म्हणाले. मराठी संपलं होतं.

जिना उतरताना बाबा चिडलेले. "आपल्या माणसाला असं तोडून बोलतात?"

"आपला आजच झाला," मी म्हटलं.

बहुतेक कॉलेजांनी नकार कळवला. एकाने घेतलं, स्कॉलरशिपसकट. बाबा म्हणतात, तीन लपवले म्हणून. आई म्हणते, पाच मिळाले म्हणून. मला वाटतं, घरी शिकले हे लिहिलं म्हणून. पण खात्री नाही. कॉलेज कारण सांगत नाही. पत्रात नुसतं अभिनंदन होतं, फार गोड शब्दांत, आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.