फेब्रुवारीची चाळीस मिनिटं

कुरोदा-सान नव्या खेळाडूशी करार करायच्या आधी त्याला बर्फ दाखवायच्या. खेळाडू असायचा अमेरिकेत नाहीतर ओसाकात, महिना जूनचा, बाहेर उकाडा. तरी त्याला आणि त्याच्या बायकोला एक फिल्म जायची. खेळाडू राहतात त्या इमारतीचं पार्किंग, फेब्रुवारीतली सकाळ, बर्फात गाडली गेलेली एक गाडी. जाड कोट घातलेली एक ठेंगणी बाई फावड्याने बर्फ उपसते आहे. चाळीस मिनिटं एवढंच. शेवटी गाडी मोकळी होते, तेवढ्यात नगरपालिकेचं रस्ता साफ करणारं यंत्र येतं आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ पुन्हा तिच्यापुढे ढकलून निघून जातं. बाई कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघते आणि परत उपसायला लागते. ती बाई म्हणजे खुद्द कुरोदा-सान, आमच्या गावच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या जनरल मॅनेजर.

त्या स्वतः आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळल्या नव्हत्या. आमचा संघ मुळात एका बस कंपनीतल्या कामगारांचा, पुढे तो व्यावसायिक झाला. कुरोदा-सान त्याच कंपनीच्या डेपोत तीस वर्षं कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर द्यायचा ते ठरवत होत्या. संघ बांधायचं कामही त्यांनी तसंच केलं. "मोठ्या शहरातल्या संघाचा खेळाडू रुसून गेला तर आठवड्यात दुसरा येतो," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे बदली बस नाही. आहे तीच गाडी मेमध्ये हंगाम संपेपर्यंत चालली पाहिजे."

त्यामुळे त्यांची निवड इतरांना चमत्कारिक वाटायची. एका मोठ्या संघाने सोडून दिलेला, गार्डच्या जागी खेळणारा खेळाडू त्यांनी घेतला, कारण त्याच्या आईचं जेवणाच्या डब्यांचं दुकान शेजारच्या गावात होतं. एकाची बायको नर्स होती. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळवून दिली आणि मग त्याला विचारलं. गुडघा दुखणारा एक पस्तिशीचा खेळाडू होता. प्रशिक्षक त्याला जास्त वेळ खेळवायला बघायचे, तेव्हा बाईंचा निरोप जायचा, "पंधरा मिनिटांचा माणूस पंधरा मिनिटांसाठीच घेतलाय. वीस मागाल तर पंधराही जातील." अशा जोडाजोडीतून त्यांनी संघ वरच्या विभागात नेला आणि तिथे टिकवून धरला होता.

मी त्यांच्याकडे कशी पोहोचले, तेही बर्फामुळेच. आम्ही टोकियोतल्या फुनाबोरीत मजेत होतो. भारतीय शेजार, कोथिंबीर मिळायची, बोलायला मराठी माणसं. मग निखिलला, माझ्या नवऱ्याला, इथल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. "अगं, निसर्ग बघ काय आहे!" म्हणून त्याने मला नदीकाठच्या चेरीच्या फुलांचे फोटो दाखवले. फुलं खरीच होती, पण आठवडाभराची. आम्ही येऊन पोहोचलो डिसेंबरात. संघाच्या ऑफिसात इंग्रजी येणारं माणूस बाइतोवर, म्हणजे पार्टटाइम, हवं आहे असं कळलं म्हणून मी मुलाखतीला गेले. पदव्या, अनुभव सगळं पाठ करून. कुरोदा-साननी एकच प्रश्न विचारला.

"इथे आल्यावर पहिल्यांदा कुठे रडलात, आपटे-सान?"

"कचऱ्यापाशी," मी म्हणाले. "पिशवी घेऊन गेले, तर कचरा ठेवायच्या खोपटाचं दार बर्फात बुडालेलं. आणि तो कचरा उचलायचा वारही नव्हता."

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

खेळाडूंच्या बायकांचं सगळं माझ्याकडे आलं. दाताचा डॉक्टर, पाळणाघर, कचऱ्याचे वार. बर्फाची फिल्म पाठवायचं कामही माझंच. पाठवून झालं की कुरोदा-सान हमखास विचारायच्या, "बायकोने पूर्ण पाहिली का?" आणि हो म्हटल्याशिवाय कराराचे कागद कपाटातून निघायचे नाहीत.

त्या वर्षी आम्हाला बास्केटखाली उभा राहणारा उंच, दणकट खेळाडू हवाच होता. तो नसेल तर संघ खालच्या विभागात घसरणार, हे गावातल्या न्हाव्यालाही ठाऊक होतं. दोघांशी बोलणी झाली. दोघांनीही फिल्म पाहून नम्रपणे नकार कळवला. क्लबचे अध्यक्ष चिडले. "बर्फ दाखवून माणसं पळवायची, ही कुठली रीत?" खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटलं. आमच्याकडे स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा मुलीची दुखरी दाढ कोणी दाखवत नाही. कांदेपोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरूनच बशा बाहेर येतात.

तिसरा होता डेव्हिन. सहा फूट अकरा इंच, आणि आम्हाला परवडणारा. त्याच्या बायकोला, तान्याला, मी फिल्म पाठवली ती कापून. तीन मिनिटांची. पहाटेचा निळसर बर्फ, आणि त्याला मीच जोडलेले गावातल्या उत्सवातले बर्फाचे दिवे, मुलांची घसरगुंडी. "किती सुंदर!" तान्याचं उत्तर आलं.

"पूर्ण पाहिली का?" कुरोदा-साननी विचारलं.

"हो, पाहिली," मी म्हणाले. जेवढी पाठवली तेवढी तिने पूर्ण पाहिली होती, अशी मी माझी समजूत घातली. चेरीच्या फुलांवरून नवऱ्याला वर्षभर टोमणे मारणारी मी, आणि मीच दुसऱ्या बाईला तेच केलं. तेव्हा मात्र मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

डिसेंबरपर्यंत डेव्हिन छान खेळला. जानेवारीत सलग नऊ दिवस बर्फ पडला. डेव्हिन बाहेरगावी सामन्यांना गेलेला आणि तान्या तापलेल्या बाळाला घेऊन घरात अडकलेली. गाडी निघेना. मी चालत पोहोचले तेव्हा ती दारातच उभी होती. "तू मला दिवे दाखवलेस," एवढंच म्हणाली. महिनाअखेर ती बाळाला घेऊन घरी परतली, आणि तीन आठवड्यांनी डेव्हिनही गेला. हंगामाच्या मध्यावर उंच खेळाडू कुठून मिळणार? मे महिन्यात आम्ही खालच्या विभागात गेलो.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, चूक कोणाची? कुरोदा-सान उठून उभ्या राहिल्या. "माझी. फिल्म पूर्ण गेली की नाही, ते मी बघितलं नाही."

माझ्याने राहवेना. "फिल्म मी कापली," मी उठून म्हणाले. 

कुरोदा-साननी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडी कोणी ठोकली हे विचारलेलं नाही, आपटे-सान. ती कोणाच्या डेपोतून सुटली, हे विचारलंय. बसा." आणि त्यांनी राजीनामा पुढे ठेवला. तो स्वीकारला गेला.

बाहेर पार्किंगमध्ये मी रडत होते. मलाही काढून टाका, म्हणाले. त्या गाडीची किल्ली शोधत होत्या. "तुम्ही गेलात तर नव्या माणसाला हे शिकवायला आणखी एक हंगाम घालवावा लागेल," त्या म्हणाल्या. "तेवढे हंगाम आपल्याकडे नाहीत. उद्या वेळेवर या." मला त्यांचा राग आला, लाजही वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले.

जूनमध्ये पुन्हा उंच खेळाडूचा शोध. या वेळी दोन नकार आले, मग तिसरा, मग चौथा. नवे मॅनेजर हवालदिल झाले होते, पण मी चाळीसच्या चाळीस मिनिटं पाठवत राहिले. पाचव्याची बायको रूथ. तीही एकेकाळी कॉलेजच्या संघातून खेळलेली, चांगली सहा फूट उंच. दोन दिवस काहीच उत्तर नाही. मग एक ओळ आली, "त्या बाई एकट्याच का उपसताहेत? दुसरं फावडं नाही का?"

मी कुरोदा-सानना फोन लावला. त्या आता कोणीच नव्हत्या, तरी त्यांनाच लावला. रूथचं वाक्य वाचून दाखवलं.

"उंची किती म्हणालात?"

"नवऱ्याची? सहा फूट दहा."

"नवऱ्याची कोण विचारतंय? तिची."

मी सांगितली. "मग सही घ्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दाराला एक फावडं टेकवून ठेवलेलं होतं. जूनमध्ये गावातलं एकही दुकान बर्फाचं फावडं विकत नाही. हे कुरोदा-सानचं स्वतःचं होतं. दांड्याला वीतभर नवं लाकूड जोडून वर घट्ट पट्टी गुंडाळली होती.

फेब्रुवारीत मी नवी फिल्म काढली, कारण जुनीतली इमारत आता रंगवली गेली आहे आणि खोटं काही दाखवायचं नाही. तीच सकाळ, तेच पार्किंग. एक ठेंगणी म्हातारी आणि एक सहा फुटी बाई बर्फ उपसताहेत. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. गाडी मोकळी होते, यंत्र येतं आणि सगळा बर्फ परत त्यांच्यापुढे ढकलून जातं. रूथ चांगली खणखणीत शिवी हासडते. कुरोदा-सान तिच्याकडे बघतात, मान हलवतात, आणि दोघी पुन्हा सुरू करतात.

फिल्म एकतीस मिनिटांची झाली. कापलेली नाही; दोघी होत्या म्हणून काम लवकर उरकलं.